भिंत पकड घालत नाही

माझ्या भाच्याचं मनगट मोडलं तेव्हा तो उडी मारत नव्हता. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी, सपाट जमिनीवर, पाणी पीत उभा होता. मागून त्याचा मित्र कठड्यावरून झेप घेत आला, त्याचा अंदाज चुकला आणि तो याच्या पाठीवर आदळला. भाचा पुढे फेकला गेला. पडता पडता त्याने उजवा हात ताठ करून जमिनीवर टेकवला आणि सगळा भार त्या एका तळव्यावर आला. 6 आठवडे प्लास्टर.

मुलगा 16 वर्षांचा. 3 वर्षांपासून पार्कोर, म्हणजे भिंती आणि कठडे उड्यांनी ओलांडत धावण्याचा खेळ, करतो. पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून तो उतरतो तेव्हा त्याच्या पायांचा आवाज येत नाही. जमिनीला पाय लागले न लागले तोच खांद्यावरून लोळण घेऊन उठतो आणि त्याच वेगात पुढे धावत राहतो. ज्याने 3 वर्षं पडण्याचाच सराव केला, त्याचं मनगट उभ्या उभ्या मोडावं, हे काही केल्या माझ्या मनातून जाईना. प्लास्टर घातलेल्या हाताने तो समोर बसला आणि म्हणाला, "मामा, पार्कोरच्या जोडीला एखादी मार्शल आर्ट लावतो. मित्र म्हणतात तायक्वांदो लाव, आई म्हणते कराटे. तुम्हाला काय वाटतं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. तो प्रश्न क्लासच्या निवडीचा नव्हता, असं मला तेव्हाच वाटलं होतं. तो एका मुलाच्या हाडांचा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर शोधायला मला आधी आमच्या धाब्यावर चढावं लागलं.

आमचं गाव गिरणाकाठचं, चाळीसगाव-भडगावच्या पट्ट्यातलं. माझ्या लहानपणी तिथली निम्म्याहून जास्त घरं धाब्याची. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यावर वीतभर मातीचा थर. हे सपाट छत म्हणजे धाबं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की सगळं गाव रात्री धाब्यावर झोपायचं. मिरच्या तिथेच वाळायच्या, कुरडया तिथेच, संक्रांतीचे पतंगही तिथूनच उडायचे. घराला घर चिकटलेलं, त्यामुळे आमच्या धाब्यावर चढलेलं पोर जमिनीला पाय न लावता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ शकायचं. फक्त एका ठिकाणी मध्ये बोळ होती. हातभर जास्त, हातभर कमी, पण मोठ्या माणसाने हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. ती बोळ ओलांडणारा पोरगा मोठा झाला असं आम्ही मानायचो.

माझ्या चुलतभावाने मला ती उडी शिकवली. तीन पावलं धावायचं, तिसरं पाऊल काठाच्या अलीकडे टाकायचं, कारण धाब्याचा काठ भुसभुशीत असतो. पलीकडे उतरल्यावर उभं राहायचं नाही, गुडघे सैल सोडून दोन्ही हात मातीला लावायचे. आजी खालून अहिराणीत ओरडायची, "धाबं गळी, खाले उतर रे भाऊ!" तिला आमच्या हाडांपेक्षा धाब्याची काळजी जास्त होती आणि ती रास्त होती. पावसाळ्याआधी त्या छतावर नवी माती टाकून, तुडवून ते पक्कं करावं लागे. धावणाऱ्या पोरांच्या टाचांनी पडलेल्या भेगेतून आषाढात चुलीवर पाणी गळे. म्हणून हलकं उतरायला आम्ही शिकलो ते शरीर वाचवायला नाही, छत वाचवायला. पुढे कित्येक वर्षांनी पार्कोरमधले लोक चांगली उतरण आवाजावरून ओळखतात हे कळलं, तेव्हा मला आजी आठवली.

2006 साली जेम्स बाँडचा 'कसिनो रोयाल' आला. त्याच्या सुरुवातीला बांधकामाच्या जागेवर एक माणूस पळतो, क्रेनवर चढतो, भिंतीवरून झेपावतो. तो सेबास्टियन फुकां. त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या फ्रेंच चित्रपटात डेव्हिड बेल असाच धावला होता. दोघंही पॅरिसजवळच्या लीस या उपनगरातले मित्र. पार्कोर हे नाव फ्रेंच लष्करातल्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून आलेलं. डेव्हिडचे वडील रेमों बेल व्हिएतनाममध्ये जन्मले, लष्करी शाळेत वाढले आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात जवान झाले. मुलाने त्यांच्याकडून घेतलं ते आग लागलेल्या घरात शिरायचं आणि बाहेर यायचं कौशल्य.

रेमों बेल ज्या पद्धतीने तयार झाले, तिचा उगम आणखी मागे आहे. 8 मे 1902 रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर पेले नावाचा ज्वालामुखी फुटला आणि सेंट पिएर हे अख्खं शहर काही मिनिटांत संपलं. सुमारे 30 हजार माणसं गेली. तिथे फ्रेंच नौदलाचा जॉर्ज एबेर नावाचा तरुण अधिकारी होता. बचावाच्या कामात त्याने जे पाहिलं, त्यातून त्याची एक ठाम समजूत झाली: शरीर बळकट करायचं ते कुणाच्या तरी उपयोगी पडण्यासाठी. त्याने जी 'नैसर्गिक पद्धत' बांधली, तिच्यात व्यायामाचे 10 गट होते. चालणं, धावणं, उडी, चार पायांवरची चाल, चढणं, तोल, फेक, वजन उचलणं, पोहणं. आणि दहावा गट स्वसंरक्षणाचा, म्हणजे गुद्दे आणि कुस्ती.

या दहाव्या गटापाशी मी थांबलो. एबेरच्या मनात उडी आणि झुंज एकाच शरीराची दोन कामं होती. पुढे उपनगरातल्या मुलांनी त्यातलं धावणं, उडी, चढ, तोल उचललं आणि त्याचं सोनं केलं. पण फेक, उचल आणि झुंज हळूहळू बाजूला पडली. आज भाच्याला जोडीला काहीतरी हवंसं वाटतं, त्याचं कारण मला यात दिसतं. त्याला नवीन काही नको आहे. मूळ घरातून जे बाहेर राहिलं, ते तो मागतो आहे.

आता पडण्याचं बघू. 2 मीटर उंचीवरून उतरणारा माणूस जमिनीला भिडतो तेव्हा त्याचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग एका क्षणात शून्यावर आणला तर गुडघे आणि घोटे किंमत मोजतात. म्हणून लोळण घ्यायची. एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरकी, कणा फरशीला लागणार नाही अशी. खाली येण्याचा वेग पुढे जाण्यात वळतो आणि थांबायला वेळ मिळतो. भाचा हे उत्तम करतो. पण या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: केव्हा पडायचं, कुठे पडायचं आणि कोणत्या खांद्यावर, हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं. भिंत जागची हलत नाही. अंतर तो आधी डोळ्यांनी मोजतो, पावलांनी मोजतो, मग झेपावतो. दुसऱ्या कुणी पाडलं तर काय करायचं, हे भिंतीने त्याला कधी शिकवलंच नाही. शिकवणार कशी? भिंत पकड घालत नाही.

मला ते शिकवलं धुळ्याच्या मातीने. सातवीनंतर मी शिक्षणासाठी काकांकडे धुळ्याला गेलो. धुळ्याच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या सरळ, एकमेकींना समांतर, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. ती आखणी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळातली. सरळ गल्ल्या रुंदही होत्या. एका छतावरून दुसऱ्या छतावर जायची सोयच नव्हती. माझ्या उड्या बंद झाल्या आणि अंगात जी खुमखुमी उरली, ती बघून काकांनी मला पहाटे पाच वाजता तालमीत नेऊन उभं केलं.

तालमीचं दार बुटकं होतं. वाकूनच आत जावं लागे. आत अंधार, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि मध्ये हौद. लाल माती चाळून घातलेली, तिच्यात तेल, ताक, हळद आणि कापूर मुरलेला. तो वास मी आजही डोळे मिटून आणू शकतो: थोडा आंबूस, थोडा औषधी, खाली ओल्या मातीचा. रोज पहिलं काम हौद खणायचं. कुदळीने पूर्ण हौद उकरायचा, ढेकळं हाताने फोडायची, मग पायाने सारखा करायचा. खणून होईपर्यंतच खांदे भरून येत. मग जोर, बैठका, सपाट्या. वस्तादांनी पहिले पंधरा दिवस मला एकही डाव सांगितला नाही.

सांगितलं ते एवढंच, की पडताना हात टेकवायचा नाही. ते माझ्या भोवती फिरत राहायचे, बोलत राहायचे, आणि मी उत्तर देण्यात गुंतलो की पायाचा हिसका देऊन पाडायचे. माझा हात आपोआप पुढे जाई. ते हातावर हलकी चापट मारत आणि म्हणत, "हा मोडला." पुन्हा उभं करत, पुन्हा पाडत. हनुवटी छातीला, हात अंगाशी, खांदा मातीत आधी. पंधरा दिवसांनी कधीतरी मी पडलो आणि त्यांनी चापट मारली नाही. तेव्हाच ते म्हणाले, उद्यापासून जोड धर.

जोड धरल्यावर जे कळतं ते एकट्याने करायच्या कुठल्याही व्यायामात कळत नाही. समोरचा गर्दनखेच घालतो, त्याचा तळहात तुमच्या मानेवर असतो, तुमचा त्याच्या दंडावर. कपाळाला कपाळ लागलेलं, त्यामुळे डोळ्यांना फक्त त्याचे पाय आणि माती दिसते. अशा वेळी तो पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, येणार आहे, हे डोळ्यांच्या आधी तुमच्या हाताच्या कातडीला कळतं. त्याच्या दंडाचा स्नायू किंचित सैल पडतो, वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर जातं, आणि तुमची कंबर तुम्हाला न विचारता मागे सरते. दुसऱ्या माणसाचं वजन वाचायची ही विद्या आहे. तलावाकाठी पाठीवर माणूस आदळला, तेव्हा भाच्याकडे हीच विद्या नव्हती.

खानदेशात कुस्ती हा काही पोथीतला विषय नाही. गावोगावच्या यात्रेत अजूनही दंगल भरते, आणि तिथे नारळावरच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळं चालतं. चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली, तेव्हा आमच्या पट्ट्यात घरोघर त्यांचं नाव होतं. पण मी भाच्याला कुस्ती सुचवतो आहे ती गदेसाठी नाही. त्याला वर्षभर कुणीतरी रोज पाडावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तरी एक शंका होती. कुस्ती खाली बांधते. तिचं सगळं बळ जमिनीशी. उडणाऱ्या पोराला ती जड तर करणार नाही ना? या शंकेचं उत्तर मला सप्तशृंगी गडावर मिळालं होतं, पण ते उत्तर आहे हे कळायला बरीच वर्षं गेली.

चैत्रात जळगाव-धुळ्याकडून हजारो माणसं पायी गडावर जातात. भगवे झेंडे, डोक्यावर ओला रुमाल, मालेगावनंतर पाय फुटलेले, आणि तरी चालणं सुरू. मीही एकदा गेलो. नांदुरीचा घाट चढून गडावर पोचलो, देवीच्या सुमारे 500 पायऱ्या चढताना मध्ये कठड्याला टेकून बसलो. समोर माकडं होती. एक मादी, पोटाला पिल्लू चिकटलेलं, खडकावरून झाडाच्या बुंध्यावर गेली. मी ते फार जवळून पाहिलं. तिने बुंध्यावर पाय टेकले नाहीत, तिने बुंधा धरला. आधी हात, लगेच पाय, मग सगळं अंग त्या लाकडाला लपेटलं, आणि जो धक्का बसायला हवा होता तो त्या मिठीत विरून गेला. पिल्लू हललंसुद्धा नाही.

याच गडाशी बाळंभटदादा देवधरांची आख्यायिका जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. तेव्हा बाळंभट नावाच्या कोवळ्या पोराने ते स्वीकारलं, तयारीला थोडे दिवस मागून घेतले आणि वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन बसला. तिथे वानररूपाने मारुती आला आणि त्याने लाकडी खांबावर पकडी आणि पवित्रे दाखवले, असं परंपरा सांगते. परत येऊन बाळंभटाने गुलाबला हरवलं आणि अलीने माघार घेतली. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आहे. म्हणजे बाळंभटांनी मल्लखांब शून्यातून निर्माण केला असं नाही. विसरलेली गोष्ट त्यांनी पुन्हा उभी केली. पण माकड पाहून पैलवान तयार झाला, ही आख्यायिका मला फार खरी वाटते, कारण ते माकड मी पाहिलं आहे.

मल्लखांब हा मल्लाचाच खांब. कुस्तीगिराला जोडीदार नसेल तेव्हा तो खांबालाच जोडीदार करतो. सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास, वर निमुळता होत गेलेला, टोकाला मान आणि बोंड. अंगाला आणि खांबाला एरंडेल लावायचं. अढी मारायची म्हणजे मांड्यांनी आणि पोटऱ्यांनी खांब असा आवळायचा, की हात सोडले तरी डोकं खाली ठेवून अंग टांगलेलं राहील. मग तेढी, बगली, दसरंग, ताजवे, आणि खांब सोडून हवेत जाऊन पुन्हा खांबच धरायच्या उड्या. पार्कोर करणारा मुलगा समोरच्या भिंतीच्या काठाला हातांनी लोंबकळतो तेव्हा सगळा भार बोटांवर आणि खांद्यांवर असतो. मल्लखांब त्याला मांड्यांनी धरायला शिकवतो, उलटं असताना दिशा ओळखायला शिकवतो. कुस्ती जड करेल ही माझी शंका या खांबाने मिटवली. आपल्या माणसांनी त्याच मल्लाला हवेत खेळायची सोय दोनशे वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

पुढे मल्लखांबाचंही पार्कोरसारखंच झालं. तो कुस्तीपासून सुटा झाला, प्रात्यक्षिकाचा आणि स्पर्धेचा खेळ झाला. त्याचं मला दुःख नाही. 1925 साली सुरू झालेल्या दादरच्या समर्थ व्यायाममंदिरासारख्या संस्थांनी तो जगवला, मुलींच्या हाती दोरीचा मल्लखांब दिला, उदय देशपांडे सरांनी तो परदेशी नेला आणि 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये मुंबईत मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली. पण आता खांबावर चढणारी मुलं हौदात उतरत नाहीत आणि हौदातली खांबाकडे बघत नाहीत. बडोद्याच्या द. चिं. मजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे 10 खंड काढले तेव्हा या सगळ्या विद्या एका कोशात शेजारी शेजारी नांदत होत्या. जुन्या तालमीतही तसंच होतं: एका कोपऱ्यात खांब, मध्ये हौद, भिंतीला लाठ्या. आणि कोनाड्यात मारुती. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. शाळेत असताना आम्हाला ते बाड दाखवायला नेलं होतं. त्या दिवशी मनात आलेला एक विचार अजून टिकून आहे. समर्थांनी पैलवानांना देव दिला तो समुद्र ओलांडणारा दिला. उडी आणि बळ ही दोन खाती त्यांनी वेगळी केली नाहीत.

आता कराटे आणि तायक्वांदोबद्दल. दोन्हीतली शिस्त, ठोशाची अचूकता, पायाची उंची मी मानतो आणि शिकवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण भाच्याच्या गरजेला ती बसत नाहीत. तायक्वांदोचा जीव उड्यांत आणि उंच लाथांत आहे. ज्याचे घोटे आणि गुडघे आधीच आठवड्यात शेकडो वेळा उतरणीचा मार खातात, त्याने त्याच सांध्यांवर आणखी उड्या चढवायच्या, हे मला पटत नाही. जोडीची विद्या अशी हवी, की जी उरलेल्या शरीराला कामाला लावेल: मान, पाठ, पकड, कंबर. कराट्यात अंतर राखून लढायचं असतं, आणि अंतर राखणं तर पार्कोरवाल्याला आधीच येतं. त्याला अंतर मिटल्यावर काय करायचं ते हवं आहे. जूडो मात्र मी आनंदाने निवडला असता. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तो उभा केला तेव्हा पडण्याच्या रीतीला पायाच मानलं. चांगला जूडो शिकवणारा जवळ असेल तर पालकांनी डोळे झाकून पोराला तिकडे पाठवावं. पण आमच्या भागात तालीम जवळ आहे, वस्ताद आपल्याच बोलीत बोलतो आणि फीचा आकडा शेतकऱ्याच्या घराला परवडतो.

प्लास्टर निघून, बोटं नीट वळायला लागून, डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी भाच्याला घेऊन धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, मग धुळे. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याला किल्ला दाखवला. हा किल्ला झाशीच्या नेवाळकर घराण्याचा, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचा. आणि राणी लहानपणी जिथे वाढली त्या बिठूरला बाजीरावाबरोबर बाळंभटदादाही गेले होते. तिथे तिने मल्लखांब केला, असं परंपरा मानते. भाचा तटाकडे बघत होता, आणि त्याची नजर काय मोजते आहे ते मला कळलं. मी त्याला तिथेच सांगितलं की जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर उडी मारायची नाही. चुना एकदा निखळला की तो लावणारा हात आता नाही. धाब्याची काळजी करणारी आजी त्याने पाहिली नाही, म्हणून हे मला सांगावं लागलं.

तालीम तीच, वस्ताद वेगळे. माझ्या वस्तादांचे शिष्य. त्यांनी भाच्याकडे पाहिलं, मनगट हातात घेऊन वळवून पाहिलं आणि डाव्या हाताला कुदळ दिली. तासभर खणून झाल्यावर म्हणाले, ये. भाचा समोर उभा राहिला, हलका, पायाच्या चवड्यांवर, पळायला तयार. वस्ताद बोलत राहिले. जळगावला कुठे राहतोस, अकरावीला कोणती शाखा घेणार. तो उत्तर देत होता आणि पुढच्या क्षणी मातीत होता. हात पुढे गेला होता. त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं तो अपमान नव्हता. इतक्या उड्या मारून झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला न विचारता जमिनीवर आणलं होतं, आणि ते कसं झालं हे त्याला शिकायचं होतं. तो स्वतःहून उठला आणि पुन्हा समोर उभा राहिला.

गेलं वर्षभर तो दर शनिवारी धुळ्याला जातो आणि रविवारी संध्याकाळी परततो. आता जळगावातही त्याने एक तालीम शोधली आहे. आम्ही काही नेम ठरवले ते इतर पालकांच्या उपयोगी पडतील. कुस्ती आणि उंच उड्या एका दिवशी नाहीत. पैलवानाचा खुराक नाही, कारण वाढलेला प्रत्येक किलो उतरताना गुडघ्यावर येतो. दूध, अंडी, डाळ, कळण्याची भाकर, पुरे. हौदातून निघाल्यावर लगेच अंघोळ, नाहीतर कातडीचे विकार धरतात. कान चोळला जाऊन सुजला तर त्याच दिवशी दाखवायचा. आणि वस्तादाने मानेचा व्यायाम सांगितल्याशिवाय पूल, म्हणजे डोक्यावर भार घेऊन पाठीची कमान, करायचा नाही. कुस्तीत इजा होत नाहीत असं मी म्हणणार नाही. होतात. पण त्या इजांच्या वेळी शेजारी वस्ताद उभा असतो. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कुणीच उभं नसतं.

मागच्या महिन्यात मेहरूणच्या काठी तो पुन्हा पडला. ओल्या शेवाळावरून पाय सरकला. मी तिथे होतो. हात अंगाशीच राहिले, हनुवटी छातीला लागली, खांदा आधी गेला.

म्हणून माझं मत मी उघड सांगतो. खानदेशातल्या ज्या पोराला भिंती खुणावतात, त्याने आधी दोन वर्षं मातीतली कुस्ती करावी, आणि जिथे खांब उभा असेल तिथे आठवड्यातून दोनदा मल्लखांब. मुलींनी दोरीपासून सुरुवात करावी, आणि कुस्तीही करावी. तुमच्या गावची तालीम बंद असेल तर कुलूप उघडायला लावा. माती उन्हाने घट्ट झालेली असेल, ती खणावी लागेल. उडी मारणारी पोरं तुमच्या गल्लीत आहेतच, कुदळ त्यांच्याच हातात द्या.